औषधनामांचा यांत्रिक शोध : नांदेड-लातूर भागातील भाषास्थितीच्या संदर्भात

एका औषधिद्रव्याला किमान तीन नावे असतात. रेणूच्या रचनेवरून रसायनशास्त्र जे नाव देते ते इतके लांब असते, की प्रयोगशाळेबाहेर त्याचा उपयोग जवळजवळ नाही. दुसरे नाव सर्व देशांत आणि सर्व कारखान्यांत एकच असावे अशा हेतूने ठरविलेले असते. त्यास जेनेरिक नाव म्हणतात. तिसरे नाव कारखानदाराने आपल्या मालासाठी योजिलेले असते. रोग्याच्या तोंडी बहुधा हे तिसरे नाव असते, वैद्यकाच्या ग्रंथांत दुसरे असते, आणि या दोहोंची गाठ घालून देण्याचे काम आजवर औषधविक्रेत्याच्या स्मरणशक्तीने केले आहे.

जेनेरिक नावे सर्व जगासाठी एक असावीत या दृष्टीने जागतिक आरोग्य संघटनेने १९५० मध्ये ठराव केला आणि १९५३ मध्ये अशा नावांची पहिली यादी प्रसिद्ध झाली. तरीही जुन्या सवयी सुटल्या नाहीत. ज्याला हे जग पॅरासिटामॉल म्हणते त्याला अमेरिका ॲसिटामिनोफेन म्हणते. दमेकऱ्यांचे सॅल्ब्युटामॉल तेथे अल्ब्युटेरॉल होते. सर्वांसाठी एक नाव ठरवावयास निघावे आणि शेवटी सर्वमान्य म्हणविणारी दोन नावे हाती यावीत, हा नामकरणाच्या इतिहासातील एक विनोदच म्हणावा लागेल. औषधाच्या उपयोगावरून दिलेल्या सांकेतिक क्रमांकांनी यातून काहीशी सुटका होते. पॅरासिटामॉलचा असा क्रमांक 'एन ०२ बीई ०१' हा असून तो कोणत्याही भाषेत बदलत नाही. मात्र रोगी क्रमांक सांगत नाही. तो नाव सांगतो.

हे नाव माणसाने माणसाला सांगावे तोवर प्रश्न मर्यादित होता. आता ते यंत्राला सांगितले जाऊ लागले आहे. भाषेच्या प्रचंड साठ्यावर शिकविलेली जी संगणकीय प्रतिमाने अलीकडे सर्वत्र वापरात आली आहेत, ती केवळ उत्तर लिहून थांबत नाहीत. सोपविलेले काम पायरीपायरीने करताना ती बाहेरची साधने वापरतात, त्यांनी दिलेला मजकूर वाचतात आणि पुढील पाऊल ठरवितात. अशा रचनेस एजंट म्हणण्याचा प्रघात पडला आहे. एजंट आणि साधन यांच्यातील देवघेवीसाठी सामायिक संकेतही तयार झाले असून नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने प्रसिद्ध केलेला मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल हा त्यांपैकी एक आहे. औषधनामाचा शोध घेणारे साधन, ज्याला प्रस्तुत लेखात नामशोधक म्हटले आहे, ते अशा एजंटाच्या हाती द्यावयाचे एक उपकरण होय.

असे उपकरण वेगळे का हवे, असा प्रश्न साहजिक आहे. प्रतिमानाला औषधांची हजारो नावे ठाऊक असतात. परंतु त्याचे ठाऊक असणे हे नोंदवहीतील नोंदीसारखे नसते. विरळ किंवा स्थानिक नाव पुढे आले असता ते त्यासारख्या दिसणाऱ्या परिचित नावाकडे ओढले जाते, आणि ही ओढ झाली असल्याची कोणतीही खूण उत्तरात उमटत नाही. दुसऱ्या बाजूस, कोणत्याही उपलब्ध कोशात नाव टाकून पाहणे हाही उपाय नव्हे. 'क्रोसिन' हे नाव महाराष्ट्रातील घराघरांत तापावरील पॅरासिटामॉलच्या गोळीचे नाव आहे. रसायनशास्त्राच्या कोशांत मात्र क्रोसिन म्हणजे केशराला रंग देणारे द्रव्य. तापासाठी घेतलेल्या गोळीविषयी विचारणारास केशराचे गुणधर्म सांगणारा एजंट अक्षराला अक्षर जुळवूनच तेथे पोहोचलेला असतो. त्याने कोश चुकीचा निवडला, इतकाच त्याचा दोष.

म्हणून औषधांची अधिकृत नामावली प्रथम हवी. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची आरएक्सनॉर्म ही नामावली या कामी सर्वांत अधिक वापरली जाते. तीत प्रत्येक औषधसंकल्पनेस एक क्रमांक असतो. ॲसिटामिनोफेनचा क्रमांक १६१ आहे, आणि पॅरासिटामॉल असे विचारले तरी ती त्याच क्रमांकाकडे नेते. चुकीच्या वर्णलेखनावरून जवळची नावे सुचविण्याची सोयही तीत आहे. परंतु ती अमेरिकेच्या बाजारासाठी रचलेली आहे. भारतातील दुकानांत विकली जाणारी ब्रँडनावे तीत शोधणे म्हणजे दुसऱ्या गावच्या मतदारयादीत आपले नाव पाहण्यासारखे होय. भारतापुरते पाहता, पुण्यातील सी-डॅक या संस्थेत असलेल्या इलेक्ट्रॉनिक आरोग्यनोंदी मानकांच्या राष्ट्रीय केंद्राने 'कॉमन ड्रग कोड्स फॉर इंडिया' या नावाने औषधांचे संकेतांक प्रसिद्ध केले आहेत. स्नोमेड या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिभाषेवर ते आधारलेले असून भारतीय ब्रँड, त्यांतील घटक, मात्रा आणि रूप यांचा संबंध त्यांत जोडून दिलेला आहे. भारतात चालावयाचा नामशोधक अशाच पायावर उभा राहिला पाहिजे.

पाया मिळाला तरी प्रश्न सुटत नाही. नामावली ही नाव नीट लिहून आल्यावर उत्तर देते. आणि नाव नीट लिहून येत नाही, हीच या भागातील खरी अडचण आहे.

नांदेड आणि लातूर हे दोन जिल्हे भाषेच्या दृष्टीने सरळ नाहीत. देगलूर, बिलोली, धर्माबाद या तालुक्यांस तेलंगणाची सीमा लागते आणि तेथील बाजारात तेलुगू ऐकू येते. उदगीर, देवणी, निलंगा या बाजूस कानडी मुलूख जवळ असून बीदरशी नित्याचे जाणेयेणे आहे. किनवट-माहूरच्या डोंगराळ पट्ट्यात बंजारा, गोंडी आणि कोलामी बोलल्या जातात. दोन्ही शहरांत दखनी उर्दूचा वापर मोठा आहे. १९४८ पर्यंत हा सारा प्रदेश निजामाच्या राज्यात होता आणि उर्दू ही तेथील राज्यकारभाराची भाषा होती. रोगी निजामाबाद, हैदराबाद, बीदर वा सोलापूर येथील डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन परत येतो आणि पुढील औषध गावातील मेडिकलमधून घेतो. इंग्रजी लिपीत छापलेले नाव या वाटेत तीन-चार तोंडांतून जाते. त्यात भर अशी, की सुट्या गोळ्या घेणाऱ्यास स्ट्रिपचा कापलेला तुकडा मिळतो आणि नाव छापलेला भाग पुष्कळदा दुकानातच राहतो. घरी पोहोचल्यावर नाव उरते ते कानात.

या कानातल्या नावाचे मूळ नावाशी नाते कसे जुळवावे, यासाठी संगणकशास्त्राजवळ दोन जुनी साधने आहेत. त्यांची या ठिकाणी परीक्षा करणे उद्बोधक ठरते.

पहिले साधन साउंडेक्स. अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी १९१८ मध्ये त्याचे पेटंट घेतले. दप्तरातील आडनावे वर्णलेखनातील भेद असूनही एकत्र सापडावीत हा त्यामागील हेतू होता. त्याची रीत सोपी आहे. नावाचे पहिले अक्षर तसेच ठेवावयाचे, पुढील स्वर गाळावयाचे, व्यंजनांचे सहा गट करून प्रत्येक गटास एक अंक द्यावयाचा, आणि तीन अंक झाले की थांबावयाचे. आता तीन औषधे घेऊ. क्लोरप्रोमाझिन हे मानसिक विकारांवरचे. क्लोरप्रोपामाइड हे मधुमेहासाठी पूर्वी पुष्कळ वापरले गेलेले. क्लोरफेनिरामाइन हे सर्दी आणि अंगावरील पित्ताच्या गांधींवरचे. साउंडेक्सप्रमाणे तिघांचाही संकेत 'सी ४६१' असाच येतो, कारण तीन अंक भरेपर्यंत नावांतील भेद सुरूच झालेला नसतो. उलट, अपस्मारावरील फेनिटॉइन हे नाव इंग्रजीत 'पी' या अक्षराने सुरू होते. मराठी माणूस ते कानाने ऐकून रोमन लिपीत लिहू लागला तर 'एफ'ने सुरू करील. पहिले अक्षर तसेच ठेवण्याच्या नियमामुळे एकाच औषधाचे दोन संकेत होतात, 'पी ५३५' आणि 'एफ ५३५'. म्हणजे जी वेगळी राहावयास हवीत ती एकत्र आली, आणि जे एक राहावयास हवे होते ते दुभंगले. आडनावांच्या दप्तरात हा दोष चालून जातो, कारण तेथे शेवटी कारकून डोळ्यांनी पाहून नोंद निवडतो. औषधाच्या बाबतीत तो कारकून काढून टाकून त्याच्या जागी एजंट बसविला, की दोषाचे स्वरूप पालटते.

दुसरे साधन अक्षरांतराचे. सोव्हिएट गणितज्ञ व्लादिमीर लेव्हेनश्टाइन यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या या मापात एका शब्दाचा दुसरा शब्द करण्यासाठी किती अक्षरे बदलावी, घालावी वा काढावी लागतात हे मोजले जाते. आजच्या बहुतेक शोधयंत्रांत 'तुम्हाला हे म्हणावयाचे होते काय' असा जो प्रश्न येतो, त्याच्या मुळाशी हे किंवा याच जातीचे माप असते. नांदेड-लातूरच्या दृष्टीने त्याची कसोटी अशी घेता येते. अझिथ्रोमायसिन हे नाव मराठी कानाने ऐकून रोमन लिपीत लिहिले तर 'झेड'ऐवजी 'जे' येतो, 'वाय'च्या आधी एक जादा 'ए' येतो आणि 'सी'ऐवजी 'एस' येतो. अंतर तीन. आता क्लोरप्रोमाझिन आणि क्लोरप्रोपामाइड ही इंग्रजी नावे समोरासमोर ठेवावीत. दोन्ही चौदा अक्षरांची; अकरा अक्षरे तंतोतंत तीच, तीन वेगळी. येथेही अंतर तीन.

या दोन अंतरांची बरोबरी हा प्रस्तुत प्रश्नाचा गाभा आहे. एका बाजूस तेच औषध, केवळ मराठी वळणाने लिहिलेले. दुसऱ्या बाजूस दोन संपूर्ण भिन्न औषधे, एक मनाच्या विकारावरचे आणि एक रक्तातील साखर उतरविणारे. अक्षरांतर मोजणाऱ्या यंत्रास या दोन गोष्टी सारख्याच दिसतात. मर्यादा तीनवर ठेवावी तर धोकादायक जोडी एकत्र येते. दोनवर आणावी तर मराठी माणसाने लिहिलेले अझिथ्रोमायसिन सापडेनासे होते. मर्यादा कमीजास्त करून यातून वाट निघत नाही.

वाट निघते ती अंतर मोजण्यापूर्वी ध्वनीचा विचार केल्याने. अझिथ्रोमायसिनच्या दोन रूपांतील तीनही फरक लेखनाचे आहेत. उच्चारात ते नाहीत. क्लोरप्रोमाझिन आणि क्लोरप्रोपामाइड यांतील तीनही फरक व्यंजनांचे आहेत: म च्या जागी प, झ च्या जागी म, न च्या जागी ड. मुखातील स्थान वा उच्चाराची रीत बदलते, म्हणून कानालाही ते फरक कळतात. तेव्हा इंग्रजी नाव आणि मराठी वळणाचे नाव ही दोन्ही प्रथम एका तिसऱ्या, समान ध्वनिरूपात आणावी आणि मग अंतर मोजावे. पहिल्या जोडीतील अंतर तीनवरून शून्यावर येते. दुसरीतील तीनच राहते. नामशोधकाचे सारे कौशल्य हे ध्वनिरूप कसे रचावे यात आहे, आणि ते रचताना मराठीचे स्वतःचे ध्वनिशास्त्र आधारास घेतल्यावाचून गत्यंतर नाही.

उदाहरणार्थ, देवनागरीतून रोमनमध्ये नेणाऱ्या तयार सारण्या बहुधा हिंदीसाठी केलेल्या असतात. हिंदीत 'झेड'चा ध्वनी ज खाली नुक्ता देऊन दाखवितात. मराठीत तो ध्वनी मुळातच आहे. 'जहाज' आणि 'झाड' या शब्दांत तो नुक्त्यावाचून येतो, आणि 'जीवन' वा 'झेंडा' यांत त्याच अक्षरांचा उच्चार निराळा होतो. त्यामुळे मराठी लेखनातील ज आणि झ यांपैकी कोणतेही अक्षर इंग्रजीतील 'जे' किंवा 'झेड' या दोहोंपैकी कशाचेही प्रतिनिधित्व करू शकते. ध्वनिरूपात ही चारही एका घरात ठेवावी लागतात. ऑ, ओ आणि आ यांचेही तसेच. सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे नाव मराठीत निदान चार प्रकारांनी लिहिलेले आढळेल आणि चारही वाचकास बिनचूक कळतील.

याहून विलक्षण अडचण ॲ या अक्षराची. ते युनिकोडमध्ये स्वतंत्र वर्ण म्हणून २००८ मध्ये आले. त्यापूर्वीपासून आणि आजही पुष्कळ ठिकाणी अ वर चंद्र देऊन ते दोन चिन्हांनी लिहिले जाते. डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात. संगणकास ती भिन्न आहेत, आणि युनिकोडच्या मानक एकरूपीकरणातही ती एक होत नाहीत. ॲस्पिरिन, ॲमॉक्सिसिलिन, ॲम्लोडिपिन अशी नित्याच्या वापरातील कितीतरी नावे याच अक्षराने सुरू होतात. ही बाब ज्याने लक्षात घेतली नाही त्याचा नामशोधक पहिल्याच अक्षरावर अडखळेल, आणि का अडखळला हे पडद्याकडे पाहून कोणालाही सांगता येणार नाही.

शेजारच्या भाषांचे संस्कार वेगळे. तेलुगू आणि कानडी बोलणारा व्यंजनान्त शब्दाच्या शेवटी उकार जोडतो. तो गाळावा लागतो. उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिले जात नाहीत. तेव्हा त्या लिपीतून आलेल्या नावाची तुलना करताना ऱ्हस्व स्वरांस महत्त्व देऊन चालत नाही. परंतु ही सूट सर्वांना सरसकट दिली, तर ज्या नावांत स्वरांवाचून फारसा भेद नाही ती एकमेकांत मिसळतील. म्हणून नाव कोणत्या वाटेने आले, हे एजंटाने नामशोधकास सांगणे अगत्याचे आहे. ऐकलेले की वाचलेले, छापील की हस्तलिखित, कोणत्या लिपीतील, हे कळल्यावर त्या वाटेपुरतीच सूट देता येते.

वाटेप्रमाणे धोके कसे बदलतात याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. लघवी वाढविणारे लॅसिक्स आणि जठरातील आम्ल कमी करणारे लोसेक या दोन नावांत तेथे घोटाळे होऊ लागले. वर्णलेखनात पाच अक्षरांपैकी तीन वेगळी आहेत, म्हणजे अक्षरांतर मोठे. पण घाईच्या हस्ताक्षरात ती दोन्ही जवळजवळ एक दिसतात, आणि साउंडेक्सचा संकेतही दोहोंचा 'एल २२०' हाच आहे. परिणामी १९९० मध्ये लोसेकचे अमेरिकेतील नाव बदलून प्रायलोसेक करण्यात आले. त्यानंतर प्रायलोसेक आणि खिन्नतेवरील प्रोझॅक यांच्यात गल्लत होऊ लागली, ही त्या कथेची उत्तरार्धातील भर! आता तेथील अन्न व औषध प्रशासन नव्या नावाची जुन्या नावांशी तुलना लेखन आणि उच्चार अशा दोन्ही अंगांनी संगणकाकरवी करून घेते, आणि साम्य सत्तर टक्के वा त्याहून अधिक भरल्यास ते नाव गंभीर तपासणीस पात्र ठरते.

भारतात हा प्रश्न न्यायालयासमोर आला तो हिवतापाच्या औषधांवरून. फाल्सिपेरम जातीच्या हिवतापावरील दोन औषधांची नावे फाल्सिगो आणि फाल्सिटॅब अशी होती. पहिल्यात आर्टेसुनेट होते, दुसऱ्यात मेफ्लोक्विन. दोन्ही नावे रोगाच्याच नावावरून घेतलेली. कॅडिला हेल्थ केअर विरुद्ध कॅडिला फार्मास्युटिकल्स या प्रकरणात २६ मार्च २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निर्णय आजही आधारभूत मानला जातो. इतर मालापेक्षा औषधांच्या नावांतील साम्याकडे अधिक कठोरपणे पाहिले पाहिजे, कारण येथे गल्लतीची किंमत प्राणांनी मोजावी लागू शकते. डॉक्टर आणि औषधविक्रेते जाणकार असले तरी तेही चुकू शकतात. आणि ज्यांना इंग्रजी येत नाही अशांना वर्णलेखनात थोडा भेद असलेले शब्द उच्चारात एकच वाटू शकतात, असे त्या निर्णयाचे तात्पर्य आहे. यातील शेवटचा मुद्दा देगलूर वा उदगीरच्या बाजारपेठेत जसाच्या तसा लागू पडतो. २०१९ मध्ये औषधनियमांत दुरुस्ती होऊन, आपले ब्रँडनाव आधीच्या नावाशी गोंधळ करणारे नाही असे प्रतिज्ञापूर्वक सांगणे उत्पादकांवर बंधनकारक झाले. तथापि त्यापूर्वीची नावे बाजारात आहेतच, आणि आपले नाव कोणाशी मिळतेजुळते आहे हे पाहण्यासाठी उत्पादकाला तरी शेवटी एखाद्या नामशोधकाचाच आश्रय घ्यावा लागणार.

नावाला लागणारी शेपटे हा आणखी एक विषय आहे. रक्तदाबावरील टेल्मा या नावात टेल्मिसार्टन हे एकच द्रव्य असते. टेल्मा-एच म्हटले की त्यात हायड्रोक्लोरोथायझाइड येते, टेल्मा-एएम म्हटले की ॲम्लोडिपिन. सामान्य शोधयंत्रे एकदोन अक्षरांचे शब्द क्षुल्लक समजून गाळतात. पुस्तके शोधताना ते ठीक आहे. येथे मात्र जे गाळले तेच दुसरे औषध होते. शिवाय या शेपटांचा कोणताही सर्वमान्य अर्थ ठरलेला नाही. एका कंपनीचे 'एम' जे सांगते तेच दुसरीचे सांगेल अशी खात्री धरता येत नाही. म्हणून नामशोधकाने शेपटाचा अर्थ स्वतः लावू नये. नामावलीत संपूर्ण नाव जसे आहे तसेच जुळवावे.

आकड्यांचीही तीच गत. डोलो ६५० या नावात आकडा मात्रेचा असला तरी लोकांच्या तोंडी तो नावाचाच भाग झाला आहे. मराठीत आकडे सांगण्याची रीत यंत्रास अपरिचित असते, थायरॉइडवरील १२.५ मायक्रोग्रॅमची गोळी घरात 'साडेबाराची' असते. बोलणे ऐकून लिहिणाऱ्या यंत्राने 'साडे' गाळले तर बारा उरतात, आणि बाराची गोळी नामावलीत नसल्याने चूक उघडकीस येते. झोपेसाठी वा घबराटीसाठी दिल्या जाणाऱ्या अल्प्राझोलमची ०.२५ मिलिग्रॅमची गोळी 'पॉइंट पंचवीस' म्हणून सांगितली जाते. त्यातील 'पॉइंट' हरवला तर पंचवीस मिलिग्रॅम होतात, आणि अशी गोळी अस्तित्वातच नसल्यामुळे येथेही नामावली अडविते. परंतु थायरॉक्सिनची पंचवीस मायक्रोग्रॅमची गोळी खरोखरच मिळते. कोणी साडेबाराऐवजी पंचवीस ऐकले तर नामावलीला त्यात वावगे काहीच दिसणार नाही. मात्रेची तपासणी हे कुंपण उपयुक्त आहे, पण त्यास अशी भगदाडे आहेत.

नाव ओळखून पुढे काय साधावयाचे, हे एका साध्या प्रसंगावरून स्पष्ट होईल. अंगदुखीसाठी कोणी कॉम्बिफ्लाम घेतली आहे आणि ताप आहे म्हणून डोलो ६५० घ्यावी काय, असे तो एजंटास विचारतो. नावांत कोणतेही साम्य नाही. कॉम्बिफ्लाममध्ये मात्र आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम असते. दोन्ही एकत्र घेतल्यास पॅरासिटामॉल ९७५ मिलिग्रॅम होते, आणि दिवसातून अनेकदा तसे केल्यास यकृतास अपाय होण्याइतकी मात्रा गाठणे अवघड नाही. नामशोधकाने केवळ 'नाव सापडले' असे न सांगता घटक, मात्रा आणि रूप परत केले, तरच एजंटास ही पुनरुक्ती दिसते.

यावरून नामशोधकाचे उत्तर कसे असावे हे बरेचसे ठरते. एकच औषध निःसंदेह जुळले, तर त्याचा क्रमांक आणि घटक द्यावेत. अनेक जुळली, तर ती सर्व द्यावीत, आणि त्यांत भिन्न रोगांवरची औषधे असतील तर तसा स्पष्ट इशारा द्यावा. अशा वेळी एजंटाने स्वतः निवड न करता विचारणारास उलट प्रश्न केला पाहिजे. गोळी कशासाठी दिली होती, हा प्रश्न क्लोरप्रोमाझिन आणि क्लोरप्रोपामाइड यांचा निवाडा कोणत्याही गणितापेक्षा लवकर करतो. आणि काहीच जुळले नाही, तर 'नाही' असे सांगावे. हे तिसरे उत्तर सर्वांत दुर्मिळ आहे. जवळचे नाव शोधणारे यंत्र स्वभावतःच कोणते तरी नाव हाती देते; शून्य हाती द्यावे हे त्यास शिकवावे लागते. एखाद्या जिल्ह्यापुरताच खपणारा ब्रँड नामावलीत नसेल, तर त्याच्या सर्वांत जवळचे जे नाव निघेल ते निश्चितपणे दुसऱ्याच औषधाचे असेल.

जेनेरिक नावांच्या प्रत्ययांनी इशारा देण्यास मदत होते. 'ओलोल' हा प्रत्यय हृदयाची गती आवरणाऱ्या औषधांचा, 'प्रिल' आणि 'सार्टन' हे रक्तदाबावरील दोन वर्गांचे, 'ग्लिप्टिन' मधुमेहावरील एका वर्गाचा. दोन उमेदवार नावांचे प्रत्यय वेगळे असले तर वर्गही वेगळे, इतके यंत्रास कळू शकते. परंतु प्रत्ययांच्या या शिस्तीनेच एका वर्गातील नावे एकमेकांसारखी केली आहेत, आणि क्वचित प्रत्ययही फसवितो: ओमेप्राझोल जठरासाठी आहे, तर ॲरिपिप्राझोल मनोविकारांवर. येथे खरा प्रत्यय 'पिप्राझोल' हा निराळा असून तो लांब प्रत्यय आधी तपासला नाही तर मनोविकाराचे औषध आम्लपित्ताच्या रांगेत जाऊन बसते.

नाव ऐकण्याची गरजच पडू नये, असा मार्गही काही प्रमाणात उघडला आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून तीनशे ब्रँडच्या वेष्टनांवर बारकोड किंवा क्यूआर कोड छापणे सक्तीचे झाले असून त्यात जेनेरिक नाव, ब्रँडनाव, उत्पादक, बॅच क्रमांक आणि मुदत यांची नोंद असते. हाती वेष्टन असेल तर एजंटाने तेच प्रथम मागावे. स्ट्रिप कापून घेतलेली असली किंवा ब्रँड त्या तीनशेंत नसला, की पुन्हा कानाचाच आधार उरतो.

असा नामशोधक या भागासाठी तयार करावयाचा झाल्यास त्याची परीक्षा कशावर घ्यावी, हा प्रश्न अद्याप मोकळा आहे. इंग्रजीतील परीक्षासंच बहुतांशी टंकलेखनातील चुकांवर बेतलेले असतात. नांदेड-लातूरला टंकलेखनातील चुका अल्प आणि उच्चारांतरे पुष्कळ. त्यासाठी देगलूर, किनवट, उदगीर, निलंगा अशा निरनिराळ्या ठिकाणी लोक औषधांची नावे प्रत्यक्ष कशी उच्चारतात याचा संग्रह करावा लागेल. त्यात बोलणाऱ्याचे नाव, गाव वा आजार यांची नोंद असण्याचे कारण नाही, फक्त उच्चार, मातृभाषा आणि दुकानात पडताळलेले मूळ नाव पुरे. गुण देतानाही न सापडणे आणि चुकीचे सापडणे या दोहोंस सारखे लेखून चालणार नाही. न सापडल्यास माणूस पुन्हा मेडिकलमध्ये जातो. चुकीचे सापडल्यास तो जात नाही. आपले काम झाले अशी त्याची समजूत झालेली असते. ध्वनिशास्त्र, औषधशास्त्र आणि संगणकशास्त्र या तिन्ही विषयांचे अभ्यासक स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात आहेत, आणि दोन्ही शहरांतील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत वर सांगितलेल्या सर्व भाषांचे रोगी येतात. उच्चारांचा संग्रह प्रथम कोणत्या नावांचा करावा, हेही ठरविणे कठीण नाही: मधुमेह, रक्तदाब, अपस्मार, थायरॉइड आणि दमा, कारण या रोगांच्या गोळ्या वर्षानुवर्षे घ्याव्या लागतात आणि त्यांची नावे दर महिन्याला नव्याने सांगावी लागतात.